क्षमा मिळाली, परतफेडीचे काय?

प्रौढांसाठी धर्मशिक्षण
बायबल वाचन : लूक १९:१-१०, गणना ५:५-८, मत्तय ५:२३-२४



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात. पवित्र आठवडा जवळ आला की शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंना मदतीला बोलवावे लागते. वर्षभर चर्चकडे न फिरकणारी माणसेही त्या रांगेत उभी असतात. ही आनंदाची गोष्ट आहे. देवाची दया शोधणारा कोणीही रिकाम्या हाताने परत जात नाही, ही आपली श्रद्धा आहे.

परंतु फादरांनी सांगितलेल्या तीन 'नमो मरिया' म्हणून आपण घरी येतो, तेव्हा शेजाऱ्याचा कोरलेला बांध तसाच असतो. बहिणीकडून सही करून घेतलेले हक्कसोडपत्र कपाटात तसेच असते. मजुराची दाबून ठेवलेली मजुरी आपल्याच खिशात असते. ज्याच्याविषयी आपण चार घरी नको ते बोललो, तो माणूस अजूनही मान खाली घालून चालत असतो. देवाने आपले पाप पुसले, पण त्या पापाने दुसऱ्याचे जे नुकसान केले ते जागच्या जागीच आहे. त्याचे काय करायचे?

"देवाने क्षमा केली ना, मग विषय संपला," असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. पवित्र शास्त्राची आणि ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. क्षमा ही देवाची फुकट देणगी आहे. पण दुसऱ्याचे घेतलेले परत करणे, मोडलेले सांधणे, हे त्या देणगीतून सुटत नाही. उलट तिच्यातूनच ते सुरू होते. आजच्या पाठात आपण हेच समजून घेऊ या.

१. जक्कय : प्रभू आधी घरी आला

जक्कयची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बुटका माणूस, गर्दी, उंबराचे झाड आणि येशूची हाक. मुलांना झाडावर चढण्याचा भाग आवडतो. पण या गोष्टीचा गाभा झाडावर नाही, जक्कयच्या घरात आहे.

जक्कय यरीहोमधील जकातदारांचा प्रमुख होता. त्या काळी कर वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जात असे. सरकारला ठरलेली रक्कम भरली की वर जे सुटेल ते वसूल करणाऱ्याचे. साहजिकच लोकांकडून वाजवीपेक्षा जास्त उकळले जाई. त्यामुळे जक्कयचा पैसा हा शेजारीपाजाऱ्यांच्या घरातून आलेला पैसा होता. यरीहोत त्याला कोणी जेवायला बोलावत नसणार, यात नवल नाही.

अशा माणसाच्या घरी येशू स्वतःहून पाहुणा म्हणून गेला. येथे क्रम लक्षात घ्या. जक्कयने आधी पैसे परत केले आणि मग येशू त्याच्या घरी आला, असे झाले नाही. प्रभू आधी आला. त्याने एकही अट घातली नाही. जक्कयने क्षमा विकत घेतली नाही, कारण ती विकत मिळतच नाही.

पण प्रभू घरी आल्यावर जक्कय गप्प बसला नाही. तो उभा राहिला आणि त्याने दोन गोष्टी जाहीर केल्या. आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना देईन आणि ज्या कोणाचे फसवून घेतले असेल त्याला चौपट परत करीन. हे ऐकल्यावर येशू म्हणाला की, आज या घराला तारण लाभले आहे. जक्कयने देवाची नुसती माफी मागून दार लावून घेतले असते, तर यरीहोच्या लोकांना या तारणाचा पत्ताही लागला नसता. ज्यांचे पैसे चौपट होऊन परत आले, त्यांना कळले की जक्कयच्या घरी खरोखरच कोणीतरी येऊन गेला आहे.

२. मोशेच्या नियमशास्त्रातील हिशेब

'चौपट' हा शब्द जक्कयने उगाच वापरला नाही. नियमशास्त्रात भरपाईचा हिशेब स्पष्ट लिहिलेला आहे. कोणी मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर एका मेंढराच्या बदल्यात चार आणि बैलाच्या बदल्यात पाच द्यायचे. चोरलेले जनावर त्याच्याकडे जिवंत सापडले तर दुप्पट (निर्गम २२). पण जो स्वतःहून अपराध कबूल करतो, त्याला वेगळा नियम आहे. त्याने घेतलेले पूर्ण परत करावे आणि त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यावा (गणना ५:७). म्हणजे शंभर रुपये लुबाडले असतील तर एकशे वीस द्यायचे. स्वतःहून कबूल करणाऱ्या जक्कयला एकशे वीसवर सुटता आले असते. त्याने चारशे देऊ केले. पकडल्या गेलेल्या मेंढीचोराला जी शिक्षा, ती त्याने आपण होऊन स्वतःला लावून घेतली.

गणना या पुस्तकातील त्या उताऱ्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आधी पाप बोलून कबूल करायचे आणि मग परतफेड करायची. गुपचूप पैसे टाकून कबुली टाळणे किंवा कबुली देऊन पैसे टाळणे, ही दोन्ही अर्धी कामे आहेत. दुसरी म्हणजे, ज्याचे नुकसान झाले तो मरण पावला आणि त्याचा कोणी नातलगही उरला नाही, तर ती रक्कम देवाला, म्हणजे याजकाकडे द्यायची. धनी गेला म्हणून ते धन आपले होत नाही!

३. वेदीवरून माघारी

डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे.

हे शब्द ऐकणारे लोक गालीलातले होते, आणि वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. गालीलाहून यरुशलेम म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. म्हणजे एवढे चालून आलेल्या माणसाने अर्पण ठेवून तसेच माघारी जायचे, गावी भावाशी समेट करायचा आणि पुन्हा चालत यायचे! हे ऐकून कोणी हसलेही असेल. पण प्रभूला हेच सांगायचे होते. दुखावलेल्या भावाला ओलांडून देवाकडे जाणारी जवळची वाट नाही.

आणखी एक बारकावा असा की, तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे प्रभू येथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हणतो. "माझ्या मनात काही नाही हो," असे म्हणून आपण सुटका करून घेतो. ज्याने दुखावले त्याच्या मनात सहसा काही उरत नाही. उरते ते दुखावलेल्याच्या मनात.

४. ख्रिस्तसभा काय शिकवते?

प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्तापी माणसाकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. मनापासून पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई, म्हणजेच प्रायश्चित्त. धर्मगुरू पापमुक्ती देतात. त्यांनी सांगितलेली प्रार्थना किंवा सत्कृत्य आपण करतो. पण तेवढ्यावर भरपाई पूर्ण होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. १४५९) हे स्पष्ट केले आहे. पापमुक्तीने पाप नाहीसे होते, पण पापाने घडवलेली सगळी मोडतोड दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे, जखमा भरून काढाव्यात. हे दयेचे काम नव्हे, न्यायाचे आहे.

हा विचार नवीन नाही. चोरलेली वस्तू परत करणे शक्य असताना जो करत नाही त्याचा पश्चात्ताप हे ढोंग आहे, असे संत ऑगस्टीन ह्यांनी पाचव्या शतकात एका पत्रात लिहिले होते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या महान ग्रंथात परतफेडीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपल्याकडे एक म्हण आहे, 'करून करून भागला आणि देवपूजेला लागला'. लुबाडलेले तसेच ठेवून देवभक्ती करणाऱ्याला लोक हसतात. लोकांना जे कळते ते देवाला कळत नाही काय?

५. ज्या धर्मगुरूला पापमुक्ती नाकारली गेली

इतिहासातील एक उदाहरण पाहू. बार्तोलोमे दे लास कासास हा स्पेनमधील सेव्हिलचा तरुण १५०२ साली अमेरिकेच्या बेटांवर गेला. स्पेनच्या वसाहतवाल्यांना तेथे मूळ रहिवाशांची गावेच्या गावे वेठीला दिली जात. त्या लोकांकडून शेतात आणि सोन्याच्या खाणींत काम करून घेतले जाई. श्रमांनी आणि उपासमारीने ते मरत. लास कासास धर्मगुरू झाला, तरी त्याच्याकडेही अशी वेठीची माणसे होती. त्यांना तो चांगले वागवतो, असे त्याला वाटत असे.

डिसेंबर १५११ मध्ये सांतो दोमिंगो येथे अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूने वसाहतवाल्यांना वेदीसमोर जाहीर जाब विचारला. त्याच सुमारास एका डॉमिनिकन धर्मगुरूने लास कासासचे पापनिवेदन ऐकण्यास नकार दिला. कारण एकच. तो वेठीची माणसे सोडायला तयार नव्हता. लास कासासने वाद घातला, पण माणसे काही सोडली नाहीत.

१५१४ साली क्युबामध्ये सणाच्या प्रवचनाची तयारी करताना त्याच्या हाती सिराखच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय आला. अन्यायाने मिळवलेल्या धनातून केलेले अर्पण देवाला मान्य होत नाही आणि मजुराची मजुरी बुडवणारा त्याचे रक्त सांडतो, असा त्या वचनांचा आशय आहे. लास कासास कित्येक दिवस विचारात पडला. स्वतःकडे वेठीची माणसे ठेवून दुसऱ्यांना उपदेश कसा करणार? अखेर त्याने आपल्याकडची सर्व माणसे सोडून दिली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाच्या प्रवचनात, ही गोष्ट लोकांसमोर जाहीर केली.

पुढे तो डॉमिनिकन झाला आणि मेक्सिकोतील चियापासचा बिशप म्हणून १५४५ साली आपल्या धर्मप्रांतात पोहोचला. तेथे त्याने जे केले त्याने खळबळ माजली. गुलाम बाळगणाऱ्यांना पापमुक्ती देण्याचा अधिकार त्याने आपल्या हाती राखून ठेवला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्याने नियम लिहिले, ते १५५२ साली सेव्हिलमध्ये छापले गेले. त्यांचे सार असे की, लुटीवर श्रीमंत झालेल्याने आधी गुलामांना मोकळे करावे, लुटलेले परत करण्याची कायदेशीर हमी लिहून द्यावी, मग पापमुक्ती. वसाहतवाले खवळले. त्यांना पापमुक्ती हवी होती, गुलामही हवे होते. बिशपांचे म्हणणे होते की दोन्ही एकत्र मिळणार नाही.

अमेरिकेत झालेला अन्याय लास कासास ह्यांच्या नियमांनी थांबला नाही. पण पापनिवेदनगृहात एका गरीब, अनोळखी माणसाचे हित सांभाळण्यासाठी धर्मगुरू बसलेला असतो, हे त्यांनी ख्रिस्तसभेला दाखवून दिले. आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा आपल्याबरोबर, न दिसणारा, ज्याचे आपण नुकसान केले तो माणूसही तेथे आलेला असतो.

६. जे परत करता येत नाही

पैसा परत करता येतो. जमीन परत करता येते. पण काही गोष्टी कधीच परत करता येत नाहीत. तेव्हा काय करायचे?

लास कासास ह्यांच्याच आयुष्यात असा एक काटा होता. मूळ रहिवाशांची वेठ कमी व्हावी म्हणून त्यांनी १५१६ साली आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती. आफ्रिकेतील माणसांना पकडणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे, हे पुढे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात हा स्वतःचा अपराध लिहून ठेवला. आपले अज्ञान देवाच्या न्यायासनासमोर सबब म्हणून चालेल की नाही याची आपल्याला खात्री नाही, असेही त्यांनी नमूद केले. दुसऱ्यांना परतफेडीचे नियम घालून देणाऱ्या या माणसाला स्वतःची परतफेड पूर्ण करता आली नाही. त्यांनी तो अपराध झाकला नाही, आणि त्यावर रंगही चढवला नाही.

संत मरिया गोरेट्टी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ५ जुलै १९०२ रोजी इटलीमध्ये आलेस्सान्द्रो सेरेनेल्ली या वीस वर्षांच्या शेजाऱ्याने या अकरा वर्षांच्या मुलीवर वार केले. दुसऱ्या दिवशी, त्याला क्षमा करून, ती मरण पावली. आलेस्सान्द्रोला तीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातील पहिली काही वर्षे त्याला कसलाच पश्चात्ताप नव्हता. तो पुढे आला. सत्तावीस वर्षांनी सुटका झाल्यावर काही काळाने तो मरियाच्या आईच्या, आसुंताच्या, दारात गेला आणि त्याने क्षमा मागितली. आपल्या मुलीने क्षमा केली आहे, मग मी कशी नाकारू, असे त्या माउलीचे म्हणणे होते. नाताळच्या मिस्साला दोघांनी एकत्र पवित्र कम्युनियन घेतले.

आलेस्सान्द्रो मरियाला परत देऊ शकत नव्हता. त्याने एवढेच केले की सत्य कधी लपवले नाही. मरियाच्या संतपदाच्या चौकशीत त्याने स्वतःच्या अपराधाची साक्ष दिली. उरलेले आयुष्य कॅपुचिन मठांत, बागेत काम करून आणि प्रार्थना करून काढले. १९५० साली मरियाला संत घोषित करण्यात आले, आणि १९७० साली आलेस्सान्द्रो मठातच मरण पावला. जेथे भरपाई अशक्य असते, तेथे माणसाकडे द्यायला तीन गोष्टी उरतात. खरी कबुली, बदललेले आयुष्य आणि ज्याला आपण दुखावले त्याच्या स्मृतीची राखण.

७. मोठ्यांनी लहानांची क्षमा मागणे

आपल्या घरांत मुलांना "सॉरी म्हण" असे शिकवले जाते. पण वडील मुलाला, सासूबाई सुनेला, गुरुजी विद्यार्थ्याला, धर्मगुरू धर्मग्रामस्थांना "माझे चुकले" म्हणतात का? मोठेपण कमी होईल, अशी आपल्याला भीती वाटते.

जानेवारी २०१८ मध्ये चिलीच्या भेटीत पोप फ्रान्सिस ह्यांनी एका बिशपांवरील आरोप ही बदनामी असल्याचे म्हटले. एका धर्मगुरूने केलेले लैंगिक अत्याचार त्या बिशपांनी झाकले, असे पीडितांचे म्हणणे होते. पोपमहोदयांच्या बोलण्याने ते दुखावले. नंतर पोपमहोदयांनी चौकशीसाठी आपले प्रतिनिधी पाठवले, अहवाल वाचला आणि एप्रिल २०१८ मध्ये चिलीच्या बिशपांना पत्र लिहून, परिस्थिती ओळखण्यात आपली गंभीर चूक झाली, अशी कबुली दिली. त्यांनी क्षमा मागितली. तीन पीडितांना रोमला बोलावून, आपल्या निवासस्थानी ठेवून, त्यांचे म्हणणे ऐकले. त्याच वर्षी त्या बिशपांचा राजीनामा स्वीकारण्यात आला.

ख्रिस्तसभेच्या प्रमुखाने जे केले ते घरातल्या कर्त्या माणसाला जड का जावे? बापाने आपली चूक कबूल केली म्हणजे मुलाच्या मनातून तो उतरत नाही. चूक झाली तर काय करायचे असते, हे मुलाला त्या दिवशी कळते.

८. आपल्या घरी, आपल्या गावात

आता थोडे व्यवहाराचे बोलू.

जमीन : बांध सरकवणाऱ्याला नियमशास्त्रात शाप सांगितला आहे (अनुवाद २७:१७). कोरलेला बांध पूर्ववत करणे हे नोव्हेनाइतकेच पवित्र काम आहे. बहिणीच्या हिश्श्याचेही तसेच. महाराष्ट्रात आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला असेल तर गोष्ट वेगळी. पण माहेर तुटेल या धाकाने तिने सही केली असेल, तर सही कायदेशीर ठरली तरी तिचे मन मोकळे झालेले नसते. भावांनी एकदा तिच्यासमोर बसून विचारावे.

मजुरी आणि उसने पैसे : दाबून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे संत याकोब सांगतात (याकोब ५:४). घरी काम करणाऱ्या बाई, गवंडी, वाडीवरचा गडी यांचे देणे आधी द्यावे. एकदम जमत नसेल तर हप्त्याहप्त्याने द्यावे, पण तसे स्पष्ट सांगून द्यावे. खरोखर ऐपत नसेल तर देव समजून घेतो. ऐपत असून टाळाटाळ करणे वेगळे.

बदनामी : खोटे बोललो असू तर जेथे बोललो तेथेच ते मागे घ्यावे. व्हॉट्सॲप ग्रुपवर पसरवले असेल तर त्याच ग्रुपवर. सांगितलेला दोष खरा असेल, पण सांगण्याचा आपल्याला अधिकार नसेल, तर "ते खोटे होते" असे म्हणता येत नाही. तेव्हा तो विषय थांबवावा आणि त्या माणसाचे खरे गुण चारचौघांत सांगावेत.

धनी सापडत नसेल तर : वारसांना द्यावे. वारसही नसतील तर गरिबांना द्यावे. ते आपले दान समजू नये, आपले देणे समजावे. स्वतःचे नाव उघड करणे धोक्याचे किंवा फार जड असेल, तर दुसऱ्याच्या हातून परत करता येते. परतफेडीसाठी जगजाहीर बदनामी ओढवून घ्यावी, असा ख्रिस्तसभेचा आग्रह नाही. पापनिवेदनातील गुपित धर्मगुरू प्राण गेला तरी फोडू शकत नाहीत, म्हणून त्यांचा सल्ला निर्धास्तपणे घ्यावा.

एक सावधगिरी : १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या चळवळीने दारूच्या विळख्यातून असंख्य माणसे बाहेर काढली. तिच्या बारा पायऱ्यांत आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करणे आणि शक्य तेथे प्रत्यक्ष भरपाई करणे या दोन पायऱ्या आहेत. पण तेथे एक शहाणपणाची अट आहे. त्या भरपाईने त्या माणसाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तर तसे करू नये. आपल्या मनाचे ओझे उतरवण्यासाठी दुसऱ्याचा संसार मोडणे ही भरपाई नव्हे.

९. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्यासाठी दोन शब्द

आपण बऱ्याचदा दुखावलेल्या माणसावरच घाई करतो. "झाले गेले विसरून जा, ख्रिस्ती माणसाने क्षमा करायलाच हवी." क्षमा करणे ही प्रभूची आज्ञा आहे, यात शंका नाही. पण क्षमा मागणाऱ्याने ती हक्काने वसूल करायची नसते. मागून थांबायचे असते. दुसऱ्याला वेळ लागेल, कदाचित वर्षे लागतील. दारात उभे राहावे लागले तर राहावे. आणि क्षमा करणाऱ्याने आपले हक्काचे मागितले तर तो सूड ठरत नाही. क्षमा आणि न्याय एकमेकांचे वैरी नाहीत. जक्कयच्या घरी दोघे एकाच पंगतीला बसले होते.

चिंतनासाठी प्रश्न

१. मी पुन्हा पुन्हा पापनिवेदनात सांगतो, पण ज्याची भरपाई मी अजून केलेली नाही, असे एखादे पाप आहे का?
२. माझ्या घरात, माझ्या नावावर, माझ्या खात्यात दुसऱ्याचे काही आहे का?
३. माझ्यापेक्षा लहान असलेल्या कोणाची क्षमा मागायची राहिली आहे का?
४. या आठवड्यात, पापनिवेदनाला जाण्यापूर्वी, मी कोणाच्या दारात जाऊ?

प्रार्थना

प्रभू येशू, तू न बोलावता जक्कयच्या घरी गेलास, आमच्याही घरी ये. आम्ही लपवून ठेवलेले तुला दिसते, तरी तू आम्हाला टाकत नाहीस. आम्ही ज्यांचे घेतले त्यांचे परत करण्याचे बळ दे. आम्ही ज्यांना दुखावले त्यांच्यासमोर मान लववण्याची नम्रता दे. जे आम्हाला भरून देता येत नाही ते तुझ्या क्रुसाखाली ठेवतो, ते तू भरून काढ. आमेन.